फोन कोण धरतंय

फोन कलला आणि चेकरबाईंचं कपाळ पडद्यावरून गायब झालं. उरला तो छताचा पंखा.

"आजी, मला टाके दिसत नाहीयेत," फोनमधली सिस्टर म्हणाली.

"मला तरी कुठे दिसतायत," चेकरबाई म्हणाल्या. "फोन सूनबाईंच्या हातात आहे. काय दाखवायचं आणि काय झाकायचं, ते त्यांनाच विचारा."

सुनेने फोन उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि पंख्याच्या जागी कपाळ परत आलं.

जिन्यावरून पडून डोकं फुटल्यामुळे चेकरबाईंना इमर्जन्सी वॉर्डात नेलं होतं. टाके घालून, डोक्याचा फोटो काढून त्यांना घरी सोडलं, आणि सोडताना सांगितलं की टाके निघेपर्यंत रोज सकाळी सिस्टर व्हिडिओवर येऊन विचारपूस करील. चेकरबाईंना ते तेव्हाच खटकलं होतं. घरी पाठवलं ना, मग वर पाळत कशाला?

संशय ही त्यांची जुनी नोकरी. उभी हयात त्यांनी बसमध्ये तिकिटं तपासली होती. झोपेचं सोंग घेणारा, एकच खिसा पुन्हा पुन्हा चाचपणारा, एकदम खिडकीबाहेरच्या झाडांवर प्रेम जडलेला, अशी सगळी मंडळी तोंड उघडायच्या आत त्यांना कळायची. निवृत्तीच्या दिवशी गणवेश परत केला, पण डोळा काही परत केला नाही. गल्लीतली पोरं अजूनही त्या दिसल्या की उगाचच खिशात हात घालायची.

आणि सध्या त्या डोळ्यासमोर एकच प्रवासी होता. सून.

जिना उतरताना त्यांनी सुनेचा हात धरला होता. तोंडाने "मी काही म्हातारी नाही" म्हणत, पण धरला होता घट्ट. वळणावर तो हात नाहीसा झाला. पाय घसरला नव्हता, फरशी ओली नव्हती. हात होता आणि मग नव्हता. सून नंतर म्हणाली, "कसं झालं, कळलंच नाही हो आई." बिनतिकीट सापडलेला प्रत्येक जण हेच म्हणतो.

बरं, आदल्याच संध्याकाळी टीव्हीच्या आवाजावरून दोघींचं वाजलं होतं. त्यात हल्ली सून ओट्यावर पातेली आदळायची. पूर्वी भांड्याला भांडं लागू न देणारी बाई, पण एवढ्यात कप फोडले, बशी फोडली. राग दुसरा कशाचा असणार? आणि रोज कॉल संपत आला की फोन घेऊन आत जायची, दार लावायची, आणि पलीकडून नुसती कुजबुज.

"आजी, घरात सगळं ठीक ना?" सिस्टरने रोजचा प्रश्न विचारला. "कुणाची भीती, कुणाचा त्रास?"

आज चेकरबाईंनी लगेच "ठीक" म्हटलं नाही. त्यांनी फोनच्या वरून सुनेकडे पाहिलं.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या. "आधी माझी खात्री होऊ दे."

हे एकदा बोललं की काय होणार, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलगा बोटीवर कामाला. बातमी कळली की असेल त्या बंदरातून धावत येईल. मग त्याला आई निवडावी लागेल नाहीतर बायको, आणि हे घर काही पुन्हा सांधायचं नाही. पण पकडलेल्याला सोडून दिलं, असं चेकरबाईंच्या हातून कधी झालं नव्हतं.

"सिस्टर, एक मिनिट," म्हणत सून फोन घेऊन आत गेली. कडी वाजली.

चेकरबाई उठल्या. तपासणीला चढायचं ते मागच्या दाराने, हा त्यांचा नियम. चपला हातात घेऊन त्या गॅलरीतून खोलीच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"...रोज बघतेय मी. आजी बोलत असल्या की चित्र हळूहळू कलत जातं," सिस्टर म्हणत होती. "मला वाटलं, ताई, तुम्हाला सासूबाईंचा कंटाळा आलाय."

"तो तर येतोच," सून म्हणाली.

"मूठ आवळा बघू. आणखी."

"एवढीच होते."

"आणि अंगठ्याखालचा उंचवटा पार बसलाय. काय काय पडलं हातातून?"

"आधी सुई पडायची. मग कप." सून थांबली. "मग आई."

सिस्टरने आवाज खाली आणला.

"घरात सांगितलंत?"

"नाही. शिवणाच्या दुकानात आहे मी. बातमी फुटली तर कात्री काढून घेतील. आणि आईंना वाटतंय की मी मुद्दाम सोडलं त्यांना."

"मग खरं काय ते सांगा की."

"सांगणार होते. पण घरी आणल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून पडून होत्या, सिस्टर. जेवत नव्हत्या. माझा संशय यायला लागला आणि उठून बसल्या. आता माझ्या मागावर घरभर फिरतात, दोन घास जास्त खातात. टाके निघेपर्यंत चालू दे म्हटलं."

"ताई, तुम्हाला तपासायला आणावंच लागेल. हे अंगावर काढायचं नाही. फोनवर मी याच्यापुढे काही सांगू शकत नाही."

चेकरबाई आल्या तशा परत गेल्या. चपला घालायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

सून बाहेर आली तेव्हा त्या ओट्यापाशी उभ्या राहून कप विसळत होत्या.

"आई, हे काय? चक्कर येईल."

"तुझी भांडी फार वाजतात. डोकं उठतं माझं."

"ठेवा ते. मी करते."

"तू हो बाजूला," चेकरबाई म्हणाल्या. एरवीच्याच आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. सिस्टरने नमस्कार केला आणि जरा सावरून म्हणाली, "आजी, काल तुम्ही काही सांगणार होतात."

सुनेने मान खाली घातली. पडदा हळूहळू पंख्याकडे निघाला.

"सांगते. आण गं तो फोन इकडे."

चेकरबाईंनी फोन घेतला आणि त्याचं तोंड सुनेकडे वळवलं. "आता सांगा, चित्र हलतंय?"

"नाही आजी. अगदी स्थिर आहे."

"चालत्या बसमध्ये दांडा न धरता उभी राहिलेय मी. माझं राहू द्या, टाके काही पळून जात नाहीत. हिला बघा आज. कधी आणायचं, कुठे आणायचं, मला सांगा. मी येते बरोबर."

"आई," सून पुटपुटली. "तुम्ही काल दारामागे..."

"खिडकीमागे. दारामागे उभी राहून मला सापडायचं नव्हतं."

सुनेला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. चेकरबाईंनी त्या दोन्हींकडे दुर्लक्ष केलं.

"ठीक आहे," सिस्टर म्हणाली. "ताई, उजवा हात पुढे करा आणि डोळे मिटा. आजी, तुम्ही यांच्या एकेका बोटाला हात लावायचा. कळलं की ताई 'हो' म्हणतील."

सुनेने डोळे मिटले, शाळेतल्या मुलीसारखे, घट्ट. चेकरबाईंनी एका हातात फोन धरून दुसरा हात पुढे केला. करंगळीला बोट लावलं.

"हो," सून म्हणाली.

तिच्या बाकीच्या बोटांच्या टोकांवर बारीक बारीक काळे ठिपके होते. सुई लागून लागून झालेले. इतक्या जवळून चेकरबाईंनी हा हात कधी पाहिलाच नव्हता. जिन्यात नुसता धरला होता. त्यांनी अंगठा आणि त्याच्याजवळची दोन बोटं आपल्या मुठीत घेतली आणि जिन्यात धरली होती तशी आवळली.



सून डोळे मिटून, मान ताठ करून उभी होती. मग तिच्या कपाळावर एक आठी आली.

"आई, लावा ना हात," ती म्हणाली. "कधीची थांबलेय."

चित्र जराही हललं नाही.