चालू कॉम्प्युटरवर नारळ

आमचे हे स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये फोरमन. १९९७ च्या विश्वकर्मा पूजेला त्यांनी प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आमच्या कॉम्प्युटरलाही हळदकुंकू वाहिलं. इथवर ठीक होतं. पण प्लांटमध्ये मशीनपुढे फोडतात तसा नारळ त्यांनी चालू कॉम्प्युटरच्या डब्यावरच आपटला. आतून करकर आवाज आला आणि पडदा काळा झाला.

आतल्या हार्ड डिस्कवर मी टाइप केलेली भुलाबाईची गाणी होती, चरोद्याच्या प्रेमलाबाईंनी सांगितलेली. त्या उन्हाळ्यातच वारल्या होत्या आणि गाण्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

दुर्गहून दुरुस्तीवाला येईपर्यंत यांनी ती डिस्क उघडून आतली तबकडी रुमालानं लख्ख पुसून ठेवली.

"आंटीजी, इसको खोला न होता तो कुछ निकल भी आता," दुरुस्तीवाला म्हणाला. "अब कुछ नहीं होगा."

"मी तं साफच करून देली," हे म्हणाले.

"ते तुमची रोलिंग मिल व्हय काय? कावून हात लावला?" मी ओरडले.

संध्याकाळी कागद घेऊन आठवायला बसले. पहिल्याच गाण्याची तिसरी ओळ काही केल्या सुचेना. तेवढ्यात आतून यांनी मोठ्या विश्वासानं एक ओळ म्हणून दाखवली. ती होळीच्या गाण्यातली होती.