हरणाबाईच्या कनवटीची डबी

मी डबी बोलतेय. पत्र्याची, गोल. झाकणावर पांढऱ्याशुभ्र दातांनी हसणारी एक बाई आहे. तिचा आणि माझ्या पुढच्या आयुष्याचा काही संबंध राहिला नाही, हे आधीच सांगते.

जन्माने मी दंतमंजनाची. कुंडलच्या हरणाबाईचा मुलगा मानसिंग मिलिटरीत. एक्क्याण्णव साली सुट्टीवर येताना त्याने मला कँटीनमधून आणले. "आये, मिश्री सोड आता. ह्यानं दात घास." हरणाबाईने मला कौतुकाने देवळीत ठेवले. मानसिंगची सुट्टी संपली, त्याच दिवशी माझ्यातल्या मंजनाने पैंजण आणि समई उजळली. मग तव्यावर काळीकुट्ट भाजलेल्या तंबाखूची पूड माझ्यात भरली गेली. लेकाची वस्तू वापरात राहिली, मिश्रीही राहिली. आईने लेकाचा शब्द मोडला असे कोण म्हणेल?

तेव्हापासून मी तिच्या कनवटीला. सकाळी उठल्यावर, न्याहारीनंतर, शेतात तण काढत भांगलताना, कुणाची निंदा ऐकताना तिचे बोट माझ्यात बुडायचे. त्यामुळे घरात कुणाला नव्हते ते मला ठाऊक होते. त्र्याण्णवच्या दिवाळीपासून ते बोट डाव्या गालाची एक जागा चुकवू लागले. तिथे पांढरा चट्टा उठला होता. ठेचा झोंबायला लागला, तेव्हा तिने घरात सांगितले, "पित्त वाढलंय."

पुढच्या फेब्रुवारीत शाळेत तोंडाच्या कॅन्सरची तपासणी ठेवली. भोंगा लावलेली रिक्षा गावभर फिरली. हरणाबाईचा नवरा नाथाजी तंबाखू मळत म्हणाला, "दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग डाक्टरला दावायचं काय?" हरणाबाई गालाला हात लावून बसली.

तपासणीच्या सकाळी गावातल्या बायकांनी, डॉक्टरला दाखवायचे म्हणून, तोंडे स्वच्छ घासली. कशाने, ते सांगायला नको. मी एका सकाळीत निम्मी रिकामी झाले.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारली. पहिल्या पाच तोंडांत नुसता काळोख.

"मिश्री लावून आलात?"

"आवं बाई, घाण तोंड दावायचं व्हय तुमास्नी? दोनदा घासलंय!" हरणाबाईची शेजारीण राहीबाई दुखावून म्हणाली.

"नळावर जा, चुळा भरा आणि परत या."

नळापर्यंत सगळ्या गेल्या. तिथून निम्म्या घरी. राहीबाईने चुळा भरता भरता कारणही सांगितले, "चल गं हरणे. तपासलं की कायतरी निघतंयच. तपासलंच न्हाई तर कुठनं निघंल?" सरकारी कचेरीत फाईल न उघडण्यामागे हेच शास्त्र असते म्हणे.

हरणाबाईची पावलेही घराकडे वळली. तिने मला मुठीत घट्ट धरले होते. ती घरी गेली असती, तर मी मिश्रीसकट कनवटीला राहिले असते आणि चट्टा गालात. शाळेच्या फाटकाशी ती थांबली.

"राहे, तोंड तर धुतलंय. एवढ्या चुळा वाया कशाला घालवू?"

आणि ती माघारी फिरली.

धुतलेल्या तोंडात चट्टा लख्ख दिसला. "कधीपासून आहे हा?" हरणाबाई तेव्हाही म्हणाली, "कालपास्नं."

मिरजेच्या दवाखान्यात चट्ट्याचा तुकडा काढून तपासला. तिथले डॉक्टर म्हणाले, "अजून कॅन्सर नाही. पण वाट तिकडचीच होती. वेळेत आलात." चट्टा काढून टाकला, मिश्री बंद झाली, दिलेल्या तारखांना दाखवायला जायचे ठरले. मला चुलीत उलटे करून राखेने घासले. इतकी स्वच्छ मी कारखान्यातही नव्हते.

आता सत्याण्णव साल. झाकणावरच्या बाईचे दात झिजून गेलेत, हरणाबाई मात्र ठेचा खाते. माझ्यात मिरजेच्या तारखेचा कागद असतो, चार घड्या घातलेला.

ज्यांच्या कनवटीला माझ्या बहिणी आहेत, त्यांना एकच विनवणी. दुखायची वाट बघू नका. आधी न दुखणे हीच या आजाराची खोड आहे. चूळ भरा आणि एकदा आ करा.

गेल्या आठवड्यात राहीबाई आली. "हरणे, चिमूटभर दे की."

हरणाबाईने मला उघडून पुढे केले. "मिश्री न्हाई. मिरजची तारीख हाय, मंगळवारची. महिना झाला जेवताना तुझ्या डोळ्यांस्नी पाणी येतंय, मला दिसत न्हाई व्हय?"

राहीबाई फणकारून निघून गेली.

मंगळवारी सकाळी यष्टीत ती आमच्या आधीच जागा धरून बसली होती. पदर तोंडाला लावून, तोंड न घासता.