डावा कान, तीन हजार हर्ट्झ

वहिनीच्या फ्रिजवर एक तक्ता लावलेला होता. तो मीच केला होता. डाव्या रकान्यात विमानवाहतूक नियंत्रकाच्या वैद्यकीय तपासणीतील बाबी, उजव्या रकान्यात खुणा: दूरची दृष्टी, जवळची दृष्टी, रंगज्ञान, रक्तदाब, साखर, ईसीजी. माझी पुतणी क्षिप्रा त्या पदाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर या सर्व चाचण्या आम्ही खऱ्या तपासणीच्या महिनाभर आधीच खासगीत करून घेतल्या होत्या. श्रवणापुढेही खूण होती. गुढीपाडव्याच्या संध्याकाळी मी ती खोडली.

पाडवा रविवारी होता; त्या सकाळी डोंबिवलीच्या स्वागतयात्रेत क्षिप्राने चार तास ताशा वाजवला. मी तीस वर्षे वागळे इस्टेटमधील कारखान्यांत आवाज मोजण्याचे काम केले. ताशावादकाच्या कानाशी एकशे आठ डेसिबल भरतात, हे मागल्या वर्षी मीच मोजले होते. म्हणून तिला कानात घालायचे प्लग दिले होते. ते तिच्या कुर्त्याच्या खिशातून परत आले. पाकीट फोडलेले नव्हते.

“का नाही घातलेस?”

“अरे काका, प्लग घातले की पुढच्या ताशाचा इशारा कळत नाही. माझ्यामुळे अख्ख्या पथकाची वाट लागली असती.” तिने डावा कान चोळला. “आता आत कुकरची शिट्टी होतेय. आणि गॅस कोणी बंदच करत नाहीये.”

वैद्यकीय तपासणी गुरुवारी होती. क्षिप्राने सत्तावीस वर्षे पूर्ण केली होती आणि वयोमर्यादा तिथेच संपत होती. ही परीक्षा पुन्हा देता येणार नव्हती.

सोमवारी दुपारी आम्ही ठाण्यातल्या कोपरीला डॉक्टर शुभदाकडे गेलो. शुभदा कान-नाक-घशाची डॉक्टर आणि माझी कॉलेजातली मैत्रीण. तिच्या दवाखान्यात ध्वनिरोधक कक्ष आहे. क्षिप्रा आत हेडफोन लावून बसली. सूर ऐकू आला की बोट वर करायचे. किती हळू आवाज ऐकू येतो, हे त्यातून कळते. आकडा जितका मोठा, तितका कान वाईट. नियम असा, की पाचशे, हजार आणि दोन हजार हर्ट्झच्या खालच्या सुरांना पस्तीस डेसिबलपेक्षा जास्त नको, आणि तीन हजारच्या वरच्या सुराला पन्नासपेक्षा जास्त नको.

उजव्या कानाचा तीन हजारचा आकडा पस्तीस होता. डाव्याचा साठ.

“डावीकडे कोण उभं होतं गं?” शुभदाने विचारले.

“कमलेश. त्याचा ताशा माझ्यापेक्षा कडक आहे.”

“दिसतोय इथे,” शुभदा आलेखावर पेन टेकवून म्हणाली. “असा दणका बसलेला कान बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत सावरतो. बहुतेक वेळा, बरं का. शांत ठेवा. बाकी काही करू नका.”

परतताना क्षिप्रा म्हणाली, “काका, सावरला नाही तर मला जुगाड नकोय. मी खरंच ऐकू शकत नसेन, तर त्या खुर्चीत बसायचंच नाही मला.”

मला या वाक्याचा अभिमान वाटला आणि धडकीही भरली.

घरात मी आणीबाणी जाहीर केली. कुकर बंद, मिक्सर बंद, टीव्ही मुका. भावनावहिनी पातेल्यात भात शिजवत म्हणाल्या, “भाऊजी, फोडणी तरी देऊ का? तडतडेल हो ती.”

“दार लावून द्या.”

“आणि कानाला काही उपाय नको? नुसतं बघत बसायचं?”

“नुसतं बघत बसणं हाच उपाय आहे, वहिनी.”

वहिनी वाद न घालता गप्प बसल्या, ही नोंद मी तेव्हाच घ्यायला हवी होती.

मंगळवारी मी आशेने कोपरीला गेलो. डाव्या कानाचे आकडे आणखी चढले होते. तीन हजारला पासष्ट. पाचशेला चाळीस, हजारला चाळीस. तिथे आदल्या दिवशी दहा होते. म्हणजे आता ती एका ठिकाणी नव्हे, सगळीकडेच नापास होत होती. काचेपलीकडे क्षिप्राने माझा चेहरा पाहिला आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

मी आलेख पुन्हा पाहिला. मग तिसऱ्यांदा. आणि एकदम उठलो.

“शुभदा, हे गोंगाटाचं काम नाही! गोंगाट वरचे सूर खातो. एका रात्रीत खालचे तीस डेसिबल कसे जातील? वाटेत काहीतरी अडलंय!”

“ओरडू नकोस, बाहेर पेशंट आहेत,” ती म्हणाली. पण तिचेही डोळे चमकले. तिने क्षिप्राच्या कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक बसवला. त्यामुळे सूर कानाच्या नळीतून न जाता हाडातून थेट आत पोचतो. पाचशेला दहा. हजारला दहा. खालच्या सुरांना आतला कान शाबूत होता!

शुभदाने नळीत दिवा धरला, वाकली आणि नाक मुरडले.

“क्षिप्रा, कानात काय घातलंस?”

क्षिप्राने जमिनीकडे पाहिले. “आईने सकाळी घातलं. लसणीचं तेल. आणि वर कापूस कोंबला. कापूस मी काढला.”

“अर्धाच काढलास.”

“काकाला सांगू नको म्हणालेली ती.”

शुभदाने चिमट्याने तेलात भिजलेला कापूस बाहेर काढला, बारीक नळीने उरलेले तेल ओढून घेतले. दवाखान्यात चटणी केल्यासारखा वास पसरला. पुन्हा चाचणी. दहा, दहा, वीस. मग तीन हजार. मी तिच्या बोटाकडे पाहत होतो. बोट वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले.

“पन्नास,” शुभदा म्हणाली.

नियमाच्या बरोबर रेषेवर. या चाचणीत पाच डेसिबल इकडे-तिकडे होतातच, हे मला ठाऊक होते आणि त्या क्षणी ठाऊक नसते तर बरे झाले असते. पण चोवीस तासांत साठाचे पन्नास झाले होते. कान चालू लागला होता!

बुधवारी क्षिप्राने कोपरीला यायला साफ नकार दिला. “उद्या मोजणारच आहेत ना? तूच म्हणालास, नुसतं बघत बसायचं.” माझेच वाक्य होते. संध्याकाळी मात्र ती आपणहून दिवाणखान्यात पाठ फिरवून उभी राहिली. तपासणीत असेच पाठीमागून बोललेले ऐकवतात; दोन मीटर मोजून मी वहिनींना उभे केले.

“साध्या आवाजात बोला, वहिनी. काहीही.”

“ठाकुर्ली.”

“ठाकुर्ली,” क्षिप्रा म्हणाली.

“मोहने. कोपर. चौऱ्याहत्तर. शहाण्णव.”

“मोहने, कोपर, चौऱ्याहत्तर, शहाण्णव.”

वहिनींचा आवाज खाली आला. “तेल घालायला नको होतं मी.”

“तेल घालायला नको होतं मी,” क्षिप्राने जसेच्या तसे परत केले आणि वळून हसली. “रॉजर, आई.”

गुरुवारी फोन दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आला. मी स्पीकर लावला.

“काका! डावा तीस! तीन हजारला तीस! सगळ्यात पास! फिट!” मागे वाहनांचा गोंगाट होता आणि ती त्यावर मात करत ओरडत होती. “आणि ते डॉक्टर काय म्हणाले माहितीये? ‘मिस, लसणीचा वास कुठून येतोय?’”

मी पासष्टाव्या वर्षी सोफ्यावरून उडी मारली. गुडघ्याने त्याची वेगळी नोंद घेतली. वहिनींनी डोळे पुसले, तक्त्यावर स्वतःच्या हाताने खूण केली आणि माझ्याकडे वळल्या.

“बघा. गुण आलाच ना शेवटी तेलाचा.”

“वहिनी, तेल फक्त डाव्या कानात होतं. उजव्यात थेंबही नव्हता. तो न घालताच सुधारला असणार.” मी फोनकडे वाकलो. “क्षिप्रा, उजवा किती?”

“पंधरा!”

“पस्तीसचे पंधरा, तेलाशिवाय. आता बोला.”

“तो डाव्याचे हाल बघून घाबरून सुधारला,” वहिनी म्हणाल्या, आणि चार दिवसांनी कुकर लावायला आत गेल्या.