ज्वारीच्या बिस्किटांचं घमेलं

हनुमंताचं लग्न झालं ते १९९२ साल. त्याच उन्हाळ्यात त्याच्या वडिलांनी, म्हणजे हरिबांनी, राहिलेली मेंढरं विकली आणि विहीर खोदायला काढली. त्या कामासाठी दौंडच्या बाजारातून सहा घमेली आणली. मित्रांनो, त्या सहांतलं मी एक. आज मी एक जुनं, खालून काळं पडलेलं, काठाला चीर गेलेलं घमेलं आहे. बाकीची पाच कुठं गेली ते मला ठाऊक नाही. माझ्या नशिबी मात्र बिस्किटं भाजायचं काम आलं.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं फार नाही. लोखंडी पत्रा गोल कापतात, साच्यावर दाबतात, काठ वळवतात, झालं घमेलं. पहिली दोन वर्षं मी विहिरीतला मुरूम वाहिला. पाणी लागलं तेव्हा सगळ्यांनी माझ्यातूनच गूळ वाटला. पुढं हनुमंताच्या खोलीसाठी सिमेंट कालवलं, मग गोठ्यातलं शेण उचललं. कामाचा मला कधी कंटाळा आला नाही.

आमची वस्ती दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या अलीकडं. हनुमंत तिथल्या कंपनीत शिफ्टला जायचा. १९९५ साली त्याला आणि सुषमाला मुलगी झाली. तिचं नाव मोनिका.

मोनिका चालायला लागली तशी रोज सकाळी हरिबांच्या मांडीला टेकून बसू लागली. हरिबा बशीत चहा ओतायचे, पुड्यातलं बिस्किट मोडायचे, अर्धं स्वतः खायचे आणि अर्धं बुडवून तिच्या तोंडात घालायचे. तिनं जीभ बाहेर काढून अजून मागायचं आणि त्यांनी द्यायचं. ज्यानं जन्मभर कोकरांना बाटलीनं दूध पाजलं, त्याला लहान तोंड कसं भरवावं हे शिकवावं लागत नाही.

तीन वर्षांची होईपर्यंत पोरीचं पोट फुगलं आणि हातपाय काडीसारखे झाले. जुलाब थांबेनात. जंतांचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. शेवटी हनुमंतानं तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, की गव्हात जो चिकट अंश असतो तो हिच्या आतड्याला सोसत नाही. गहू, मैदा, रवा जन्मभर बंद. एक कणसुद्धा पोटात जाता कामा नये. ज्वारी, बाजरी, तांदूळ खुशाल द्या.

हे ऐकून हरिबा गोठ्यात येऊन बसले. मी तिथंच होतो. तानुबाई, म्हणजे त्यांची बायको, मागून आली. हरिबा म्हणाले, "रोज सकाळी ह्याच हातानं इख घातलं म्या तिला."

तानुबाई म्हणाली, "तुमाला काय सपान पडलं हुतं का?"

त्या दिवसापासून हरिबांनी चहाच सोडला. त्यांना साखरेचा आजार निघाला होता, त्यामुळं बिस्किट त्यांनाही बंदच झालं होतं. पण बिनसाखरेचा चहा ते घ्यायचे, तोही सोडला. बशी दिसली की पोर येऊन बसते आणि जीभ काढते, तेव्हा देणार काय? तरी मोनिका सकाळी यायचीच. रिकाम्या हाताच्या आजोबांकडं बघत बसायची. गहू बंद केल्यावर तिच्या अंगावर थोडं मांस चढलं होतं, पण ती हसत नव्हती.

तानुबाईला हे बघवेना. आमच्याकडं दिवाळीला घरचं पीठ आणि तूप बेकरीत नेऊन बिस्किटं भाजून आणतात. पण तिथले पत्रे मैद्यानं माखलेले असतात, म्हणून तो रस्ता बंद होता. ती म्हणाली, "भाकर चुलीवर भाजती, तर बिस्किटाला बेकरीच कशापायी पायजे?" आणि तिची नजर माझ्यावर पडली.

तिनं मला राखेनं घासलं, चुलीवर पालथं घालून लाल होईपर्यंत तापवलं, मग सुलटं करून माझ्यात चार बोटं वाळू भरली. वाळूवर तीन खापऱ्या, खापऱ्यांवर अ‍ॅल्युमिनियमचं ताट, त्यावर जुना लोखंडी तवा झाकण म्हणून आणि तव्यावर निखारे. ही झाली आमची भट्टी. ज्वारीचं पीठ, तूप आणि पाट्यावर वाटलेला खजूर. साखरेचा कण नाही, म्हणजे आजोबालाही चालेल आणि नातीलाही. पहिला घाणा खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. तिसरा बरा निघाला. साखरेच्या आजारात एखादं चालेल का, असं हनुमंतानं डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, खजूरही गोडच, तेव्हा आजोबांनी एका लहान बिस्किटाच्या पुढं जायचं नाही.

मग हरिबांनी पुन्हा चहा मांडला. बिस्किट मोडलं, अर्धं तिला, अर्धं स्वतःला. माझं कौतुक झालं. शेजारणी बघायला आल्या. शेण वाहणाऱ्या घमेल्याच्या वाट्याला असे दिवस येतात, हे मला माहीत नव्हतं.

पण महिना झाला नाही तोच मोनिका पुन्हा आजारी पडली. पहिल्यासारखंच पोट, पहिल्यासारखेच जुलाब. घरात नवीन काय आलं होतं? बिस्किट. सुषमा कधी सासूपुढं आवाज चढवून बोलली नव्हती. त्या दिवशीही आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "आत्या, पोरीपरास तुमचं बिस्किट मोठं न्हाई. ते घमेलं पयलं उकिरड्यावर टाका."

तानुबाईनं मला उचललं आणि टाकलं. मी शेणात दोन महिने पडून होतो. कोंबड्या माझ्यात उभ्या राहायच्या. मित्रांनो, दोष आपला नाही हे ठाऊक असून बोलता येत नाही, त्याचं दुःख वाहिलेल्या मुरमापेक्षा जड असतं.

त्या दोन महिन्यांत मोनिकाला एक बिस्किट मिळालं नाही. ती फक्त भाकरी, भात आणि वरण खात होती. तरीही ती आजारीच राहिली. चार दिवस बरी, चार दिवस वाईट. सुषमा रडून थकली. पुण्याला परत न्यायचं ठरत होतं. तेव्हा हरिबा बोलले.

"मेंढरू फुगलं की म्या कवा मेंढराला इचारलं न्हाई. काल ते कुठं चरलं, ते माघारी चालत बघायचो. परवा कुठं, तेरवा कुठं. बिस्किट बंद झालं, तरी पोर फुगतीया. मग ती काय चरती? भाकर. भाकर कशाची? आपल्या रानातल्या जवारीची. रानातून पोत्यात आली, पोत्यातून गिरणीत गेली. आता मी गिरणीत जातो."

ते खरोखरच ज्वारी घेऊन गेले आणि सकाळपासून गिरणीच्या ओट्यावर बसले. मल्हारी गिरणीवाला चेष्टेखोर. म्हणाला, "आबा, मेंढरं इकल्यापास्नं करमंना वाटतं. आता पोती राखाया आलायसा व्हय?"

हरिबा म्हणाले, "राखतोय. तुझी गिरण काय चरती ते बघतोय."

एका बाईचा गहू संपला. मल्हारीनं गिरणी न थांबवता वर आमची ज्वारी ओतली. खाली पीठ पडू लागलं. हरिबांनी पहिलं मूठभर पीठ हातात घेतलं, पाण्याचे थेंब टाकून मळलं आणि बोटांत ओढून पाहिलं. ते ताणलं गेलं. ज्वारीचं पीठ ताणत नाही, तुटतं. मग डबा अर्धा भरल्यावर पुन्हा मूठ घेतली. ते तुटलं.

"आरं, गव्हावर जवारी घालतोस?"

मल्हारीचा चेहरा उतरला. "आबा, तानुकाकीनंच सांगितलंय. आज न्हाई, धा वर्सं झाली. आमची जवारी गव्हावरच टाक म्हणत्यात."

हे खरं होतं. पंचक्रोशीत तानुबाईच्या भाकरीचं नाव होतं. थापताना चिरत नाही, कडा फाटत नाही, पापुद्रा अलगद सुटतो. बायका विचारायच्या आणि ती हसून टाळायची. तिची युक्ती हीच होती. गव्हाच्या मागं दळलेल्या ज्वारीत थोडा गहू उतरतो आणि भाकरीला चिकटपणा येतो. एवढ्याशा गव्हानं काही बिघडेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. घरात गहू बंद होता, पण गिरणीतला गहू तिला कधी गहू वाटलाच नाही. पुण्याला जे सांगितलं त्यात कणाची गोष्ट होती, आणि कण तर भाकरीत आणि बिस्किटाच्या पिठातही बसला होता.

हरिबांनी घरी येऊन सांगितलं. रागावून नाही, रानातली वाट सांगावी तसं सांगितलं.  तानुबाई सुषमाकडं वळून म्हणाली, "घमेल्याचा दोष न्हवता. माझा हुता."

 सुषमा उठली, उकिरड्यावर आली आणि तिनं स्वतः मला उचललं. त्याच दिवशी अडगळीतलं जातं निघालं. सासू आणि सून समोरासमोर बसून ज्वारी दळू लागल्या. त्या पिठाच्या भाकरी चिरायच्या, कडा फाटायच्या. शेजारणींनी टोमणे मारले. तानुबाईनं पुन्हा कधी गुळगुळीत भाकरी केली नाही.

बिस्किटांचंही तसंच झालं. नुसत्या ज्वारीची बिस्किटं ताटातच विस्कटली. मग तिनं पीठ उकळत्या पाण्यात भिजवून पाहिलं आणि खजुराबरोबर काळं पडलेलं पिकं केळं कुस्करून घातलं. केळ्यानं पीठ धरून ठेवलं. सुषमाच्या माहेरी, शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमाजवळ, चिकूची झाडं होती. तिथून चिकू आले की केळ्याऐवजी चिकू. बिस्किटं दिसायला ओबडधोबड, रंगानं मातीसारखी. पण मोनिका तीन महिन्यांत धावायला लागली.

पुढं २००४ साली हनुमंतानं पुण्याहून विजेची भट्टी आणली आणि मला खुंटीवर टांगलं. पण तेव्हा भारनियमन असायचं. वीज गेली की मोनिकाच मला खाली काढायची. वाळू चाळायची, खापऱ्या मांडायची, जात्यावरचं पीठ ओढून बघायची. ताणलं तर कोंबड्यांना, तुटलं तर बिस्किटांना. हे तिला हरिबांनी शिकवलं.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. घरात काही बिघडलं, तर जे हाताशी आहे, जे जुनं आहे आणि ज्याला बोलता येत नाही, त्याच्यावर लगेच बोट ठेवू नका. माघारी चालत जा आणि बघा. आणि ज्याला एखादा घास सोसत नाही, त्याला थोडं खाल्लं तर काय होतंय, असं कधी म्हणू नका.

आता मी गोठ्यातच असतो. महिन्यातून दोनदा चुलीवर चढतो. मोनिका भाजते, तानुबाई शेजारी बसून निखारे सारते. एकच बिस्किट दोघांत मोडायची मोनिकाची सवय अजून गेलेली नाही. अर्धं ती खाते आणि अर्धं ताटात ठेवते.

हरिबा २००७ साली, पौष महिन्यात, एका मंगळवारी सकाळी चहाच्या आधी वारले. मोनिका तेव्हा बारा वर्षांची होती.