दिवसाढवळ्या लागलेलं दार

चाळ पडली, लोअर परळलाच टॉवर झाला आणि आम्ही नवव्या मजल्यावर आलो. माझ्या सासूबाई, जाईबाई, इथेही दिवसभर दार सताड उघडं टाकून बसायच्या. मी नोकरीला जाणारी बाई. आपोआप लागणारं कुलूप आणि कॅमेऱ्याची बेल बसवून मोकळी झाले. म्हातारं माणूस घरात एकटं असलं की दार बंद हवं. याला साधी अक्कल पुरते, आणि ती माझ्याकडे भरपूर होती.

दुपारी ऑफिसात डोळे पेंगुळले की मी फोनमध्ये आमचा पॅसेज बघायचे. आवाज बंद. तिथलं ऊन पाण्याखाली असल्यासारखं हिरवट दिसायचं. बरोबर तीनला चौथ्या मजल्यावरचे गुणाजीकाका, चाळीतले आमचे शेजारी, त्या उन्हातून तरंगत यायचे. बेल दाबायची, दाराला कान लावायचा, हसायचं, परत फिरायचं. रोज. बघता बघता मला गुंगी यायची, आणि रागही. रिकामटेकडा म्हातारा, सासूबाईंची झोप मोडतो! एका रविवारी तोंडावर सांगितलं, "काका, दुपारी बेल वाजवू नका. आई झोपतात." ते मान हलवून गेले.

मग आठ दिवस पॅसेजमध्ये नुसतं ऊन. काय छान शांतता, असं मला वाटलं. सासूबाई दोन घास खाऊन उठायला लागल्या, गप्प झाल्या. म्हटलं, वय झालं.

नवव्या दिवशी काका आले. बेल दाबली, कान लावला, पुन्हा दाबली. हसले नाहीत. दोन्ही हातांनी दार बडवायला लागले तेव्हा मी आवाज सुरू केला.

"जाई! ए जाई!"

फोनवरूनच कुलूप उघडलं. काका आत धावले. सासूबाई जमिनीवर पडल्या होत्या, साखर उतरून.

हॉस्पिटलात बाकावर मी काकांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"कळला नाय, बाय. चाळीत दिवसाढवळ्या दार लागला म्हणजे घरात काहीतरी वाईट झाला. म्हणून मी रोज बघूक येतंय. ती आतून 'आसंय रे, बरी आसंय' म्हणता, मी जातंय. तू नको म्हटलंस. आठ दिवस कसेबसे काढलंय."

मला रडू आवरेना. लाज वाटली, फार लाज वाटली.

संध्याकाळी सासूबाईंनी डोळे उघडले.

"आठ दिवस कोणी दार वाजवूक नाय," त्या हळूच म्हणाल्या. "माका वाटला, मी मेलंयच."