ओट्यातलं युरेनियम

आपल्या स्वयंपाकाच्या ओट्यात युरेनियम धरणार, असं बाबांनी जाहीर केलं तेव्हा मी लेकीला, पूर्वीला, पेज भरवत होते. भरवताना मी हसले की तीही हसते आणि ठसका लागतो, म्हणून ओठ घट्ट मिटून घेतले.

बाबा म्हणजे माझे सासरे, चिंतामणी. सोमवारी आमची गिरगावातली चाळ बिल्डरला रिकामी करून द्यायची होती. तात्पुरती खोली मिळाली होती माहीमला, खाडीला लागून. बाबा हलायला तयार नव्हते. माझा नवरा विनीत समजावून थकला, मग भांडला. शेवटी म्हणाला, "आम्ही तिघं जातो. तुम्ही बसा इथं एकटे."

त्यावर बाबांनी मोबाइलवर खडकांचे व्हिडिओ बघायला घेतले.

"युरेनियम सापडलं ना, मग बिल्डरचा बाप आला तरी चाळीला हात लावू शकणार नाही."

"पण बाबा, आहे कुठं ते?"

"नाही म्हणूनच करायचंय गो!"

पूर्वीला मांडीवर घेऊन त्यांनी मला सगळं समजावलं. मुंबईचा खडक काळा बेसॉल्ट, त्यात दम नाही. ग्रॅनाइट काय तो आमच्या ओट्याचा, गुलाबी ठिपक्यांचा. जमिनीखालचा तापलेला रस निवत गेला की त्याचे दाणे बनतात. त्यात बाकीच्या मूलद्रव्यांना जागा मिळते, युरेनियमला नाही, कारण ते अंगानं मोठं. बिचारं शेवटच्या थेंबापर्यंत ताटकळतं आणि दाण्यांच्या फटीत कुठंतरी अंग चोरून बसतं. पुढं कधीतरी भेगांतून गरम पाणी येतं, त्याला विरघळवून घेऊन जातं, आणि वाटेत कोळशासारखं काही भेटलं की तिथं सोडतं. साचून साचून काळी शीर तयार होते.

"म्हणजे विरजणच की," मी म्हटलं.

"शाब्बास! विनीतच्या डोक्यात हे शिरत नाही."

ओट्याला भेग होतीच, नारळ आपटून पडलेली. बाबांनी तिच्यात इस्त्रीवाल्याकडचा कोळसा कोंबला आणि पातेल्यानं गरम पाणी सोडायला लागले. दुपारी खालच्या कमलाबाई पदर खोचून वर आल्या.

"मेल्या चिंतामणी, तुझं युरेनियम माझ्या आमटीत गळतंय!"

"आमटी फेकू नको हां. तपासायला लागेल."

मग बिल्डरकडची इंजिनिअर आली, दीपिका. तिनं वाकून भेग पाहिली. "काका, किती वेळ लागेल?"

"काही कोटी वर्षं."

"मग सोमवारपर्यंत काही होत नाही," ती गंभीरपणे म्हणाली आणि चहा पिऊन गेली.

रविवारी विनीत कुणाशी न बोलता गाठोडी बांधत होता. पूर्वी रांगत बाबांपाशी गेली, त्यांचा लेंगा धरून उभी राहिली. बाबांनी हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं. ते भेगेकडे बघतच नव्हते, तिच्याकडे बघत होते. लेंगा सोडवून घेण्याचं धाडस त्यांना होईना.

व्हिडिओ मीही पाहिला होता, पूर्वीला पाजताना, अगदी शेवटपर्यंत.

"बाबा, ते इथं नाही धरणार."

"का?"

"इथं गॅलरीतून वारा येतो. ऑक्सिजन मिळत राहिला की ते पाण्याबरोबर पुढंच जातं. थांबायला त्याला कोंदट जागा लागते. काळा, कुजका चिखल."

"असा चिखल कुठं मिळणार?"

"माहीमच्या खाडीत."

विनीतनं तोंड उघडलं. मी डोळे वटारले.

"ओटा सोबत न्यायला लागेल," बाबा म्हणाले.

"नेऊ."

"उगाच हो म्हणू नकोस. जड आहे."

"चार माणसं लावू, बाबा."

सोमवारी ओटा जिन्यावरून पालखीसारखा उतरला. कमलाबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि आमटीवरून बाबांना पुन्हा चार शिव्या घातल्या.

माहीमच्या खोलीत ओटा भिंतीला टेकवला आणि मी खिडकी उघडली. ओहोटीची वेळ. असा वास आत आला की विनीतनं नाक दाबलं आणि पूर्वी शिंकली. बाबांनी मात्र छाती भरून श्वास घेतला.

"ऑक्सिजनाचं नाव नाही गो," ते समाधानानं म्हणाले, आणि अंगातला शर्ट काढून दारामागच्या खिळ्याला अडकवला.