शेवटच्या रांगेतला हात

"माइक लावून देतो की, अक्का," मंडळाचे नरसिंहराव म्हणाले.

"मला? माइक?" सुलभाबाई हसल्या. "अहो, माझा आवाज माइकवाचून शेवटच्या रांगेपर्यंत जायचा!"

खोटं नव्हतं ते. पुण्या-मुंबईकडे एके काळी त्यांच्या नावावर हाउसफुल्लच्या पाट्या लागत. प्रत्येक प्रयोगाआधी त्यांचे यजमान, मधुकरराव, रिकाम्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसत. बाई रंगमंचावरून एक वाक्य टाकत आणि ऐकू आलं की मधुकरराव हात वर करत. तो हात दिसल्याशिवाय बाईंनी कधी तोंडाला रंग लावला नाही.

मधुकरराव गेले आणि बाई बेंगळुरूला मुलाकडे, व्हाइटफील्डच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. आशय गुणी, सूनही मायाळू. पण दोघांचंही ऑफिस घरातच. "आई, हळू ना, कॉल चालू आहे," हे दिवसातून कितीदा तरी. चूक कुणाचीच नव्हती. बाई आधी हळू बोलू लागल्या, मग कमी बोलू लागल्या, आणि पुढे दुपारच्या दुपार मुक्याने जाऊ लागल्या. घरात माणसं असून त्या एकट्या पडल्या.

आज मराठी मंडळात त्यांचा सत्कार होता आणि नंतर त्या आपल्या जुन्या नाटकातला एक प्रवेश करणार होत्या. शाल-श्रीफळाचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. आपला आवाज उरलाय की गेला, एवढंच त्यांना बघायचं होतं. सोडायला आलेला आशय फोन कानाला लावून केव्हाच बाहेर गेला होता.

"नरसिंहराव, एवढं कराल? शेवटच्या रांगेत बसा. ऐकू आलं की हात वर करा."

"सरी, अक्का," नरसिंहराव कानडीत 'बरं' म्हणाले आणि मागे जाऊन बसले.

हॉल अजून रिकामाच होता. बाईंनी वाकून रंगमंचाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि प्रवेशातलं वाक्य टाकलं, "मी अजून या घरातून गेलेले नाही!"

नरसिंहराव कानामागे तळवा धरून बसले होते. हात काही वर झाला नाही.

बाईंनी घसा खाकरला आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं. अर्ध्यावरच आवाज चिरकला.

"स्वल्प जोरात म्हणा की, अक्का!"

त्यांची हाक मात्र इथवर स्वच्छ ऐकू आली. बाईंनी पुन्हा श्वास घेतला, ओठ उघडले, पण शब्द फुटेना. त्या तशाच उभ्या राहिल्या.

आणि तिकडे नरसिंहरावांचा हात वर गेला. "आलं, अक्का! छान ऐकू आलं!"

सुलभाबाईंनी त्या हाताला वाकून नमस्कार केला. मग कोपऱ्यातला माइक स्वतःच उचलून आणला आणि रंगमंचाच्या मधोमध ठेवला.